खारा वारा आणि बडोद्याचा धंदा

या खेपेच्या टपालात एकच विषय फिरून फिरून आला आहे. दहेज, हजीरा, अलंग, धोलेरा या खंभातच्या आखाताच्या पट्ट्यात एवढा पैसा ओतला जातोय, मग बडोद्यात बसून आपल्या हाती काय लागणार? काहींनी तर "बडोद्याला कुठला समुद्र" अशी सुरुवात केली आहे. त्यांच्यासाठी एवढेच, की नवसारी प्रांत, कोडीनार आणि ओखामंडळ असा चांगला लांबलचक किनारा गायकवाडांच्या संस्थानात होता. मिठापूरला टाटांचा रसायन कारखाना १९३९ मध्ये उभा राहिला, तोही संस्थानच्या हद्दीत.

आमचे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची उत्तरे नीट लागतील. बडोदेकराने किनाऱ्यावर जमीन घेण्यापेक्षा किनाऱ्याला माल आणि कसब विकावे. मात्र तिथला खार, गाळ आणि भरतीचे वेळापत्रक समजून घेऊन मगच.

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत आमचे छोटे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. दहेजच्या एका रसायन कारखान्याला एसएस ३०४ या ग्रेडच्या स्टेनलेसचे कठडे आणि केबल ट्रे करून दिले. सहा महिन्यांत तांबूस डाग पडले, माल नापास झाला आणि बिलही अडकले. आमचे पत्रे बनावट निघाले का?
*एक वाचक, मकरपुरा*

पत्रे बहुतेक खरेच असतील. चूक ग्रेड निवडण्यात आणि वेल्डिंगनंतरच्या सफाईत झालेली दिसते. समुद्रावरून येणारा वारा क्लोराईड घेऊन येतो. स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साईडचा पातळ थर ते जागोजागी फोडते आणि तिथे बारीक खड्डे पडत जातात. ३१६ या ग्रेडमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे तो या माऱ्यापुढे बराच टिकतो. वेल्डिंगचे काम असेल तर ३१६एल घ्या. त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असतो, म्हणून सांध्याच्या बाजूची जागा कमकुवत होत नाही. वेल्डिंगची फिलर तार ईआर३१६एल, नट-बोल्ट ए४ दर्जाचे. बाजारात सहज मिळतात ते ए२ बोल्ट म्हणजे ३०४च, आणि पहिला डाग तिथेच दिसतो. पत्रा घेताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या थेंबांची छोटी बाटली मिळते, तिने प्रत्येक खेपेतला एक तुकडा तपासा.

एवढ्याने भागत नाही. साध्या लोखंडावर चालवलेली ग्राइंडिंग डिस्क स्टेनलेसवर फिरवली की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पहिल्या दमट रात्रीत गंजतात. स्टेनलेससाठी डिस्क, तारेचा ब्रश आणि शक्य तर टेबलही वेगळे ठेवा. वेल्डच्या कडेला जो निळा-जांभळा पट्टा उमटतो तो शोभेचा नसतो. तिथला संरक्षक थर जळालेला असतो. पिकलिंग पेस्ट लावून, डब्यावर लिहिलेल्या वेळेप्रमाणे (साधारण २० ते ६० मिनिटे) ठेवून भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय तो माल दहेजला पाठवू नये. या पेस्टमध्ये नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक आम्लही असते. हातमोजे, चष्मा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ नसेल तर डबा उघडूच नका. हे आम्ल कातडीवर फारसे न झोंबता आत शिरते आणि हाडापर्यंत जाते.

साध्या लोखंडाच्या स्ट्रक्चरला रंग देत असाल तर ब्लास्टिंग (कणांच्या माऱ्याने सफाई) एसए २½ या दर्जापर्यंत, आणि त्यावर पहिला हात चार तासांच्या आत. जिंक-रिच इपॉक्सी ६० मायक्रॉन, मधला इपॉक्सी १४०, वरचा पॉलियुरेथेन ६०, म्हणजे एकूण २६०. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा ३ अंशांनी जास्त नसेल तर गन खाली ठेवायची. पावसाळ्यात सकाळी नऊच्या आधी रंगवलेला माल पापुद्रे काढतो, त्याचे कारण हेच. कडा आणि वेल्डवर स्प्रेचा थर पातळ बसतो, तिथे आधी ब्रशने एक हात द्या. गॅल्व्हनायझिंग करून घेत असाल तर ५ मिलिमीटर आणि त्याहून जाड मालावर चौरस मीटरला ६१० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८६ मायक्रॉन जस्त मागा आणि माल ताब्यात घेण्यापूर्वी थराची जाडी मोजणारा मीटर लावून पाहा.

आता बिल. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑर्डरच्या आधीची आहे का, ते पाहा. नोंदणी फुकट होते, पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नका. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ व्याज लागते. शिवाय मुदत उलटून वर्षअखेरीपर्यंतही न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही (१९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ४३बी, पोटकलम एच). मार्च जवळ आला की या कलमाची आठवण करून देणारे पत्र चांगले काम करते. पण तुमच्या प्रकरणात एक मेख आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नसेल, तर माल पोचल्याच्या दिवशीच स्वीकारला असे कायदा धरतो. त्यामुळे सहा महिन्यांनी आलेली तक्रार ही वॉरंटीची बाब झाली, बिल अडवण्याचे कारण झाले नाही. पोच-पावतीवर तारीख आणि शिक्का आहे ना, ते आधी शोधा. आणि डाग पडलेला माल स्वखर्चाने साफ करून द्या. ते गिऱ्हाईक टिकवण्याजोगे आहे.

प्रश्न : जंबुसर तालुक्यात खाडीजवळ घरची पाच एकर खारी जमीन पडून आहे. कोळंबी करावी की मीठ? भाऊ म्हणतो कोळंबीत दुप्पट पैसा आहे.
*एक वाचिका, पादरा*

भाऊ म्हणतात तेवढा पैसा आहे, पण तो जायलाही एक रात्र पुरते. म्हणून हिशेबच मांडू.

चार हजार चौरस मीटरचा, म्हणजे साधारण एका एकराचा तलाव धरा. वानामेई जातीचे बियाणे चौरस मीटरला ३० सोडले तर १,२०,००० पिल्ले. परवानगी ६० पर्यंत आहे, पण नवख्याने तिकडे पाहू नये. ८० टक्के जगली आणि ११०-१२० दिवसांत २५ ग्रॅमची झाली तर २,४०० किलो माल. किलोमागे १.४ किलो खाद्य धरले तर ३,३६० किलो खाद्य लागेल, आणि एकूण खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग इथेच जातो. शेवटच्या महिन्यात ४०० किलो कोळंबीला एक अश्वशक्ती, म्हणजे या तलावाला ६ अश्वशक्तीचे एअरेटर. त्यांना जनरेटरची जोड हवीच. पाण्यातला प्राणवायू पहाटे दोन ते पाच या वेळात सगळ्यात खाली जातो आणि वीजही बहुधा तेव्हाच जाते. लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली रीडिंग गेले की कोळंबी खाणे कमी करते, आणि ते त्याहून बरेच खाली गेले तर सकाळी काठाला मेलेला थर दिसतो.

पाच एकरांचे पाच तलाव करू नका. आखाताचे पाणी म्हणजे चहाच्या रंगाचा गाळ. एक-दीड एकर साठवण तलावासाठी राखून ठेवा. पाणी तिथे निवळू द्यायचे, मग जाळीच्या पिशवीतून गाळून तलावात घ्यायचे आणि ब्लीचिंग पावडर टाकायची. दर घनमीटरला ६० ग्रॅम या हिशेबाने, १.२ मीटर पाणी असलेल्या तलावाला २८८ किलो. त्यानंतर आठवडाभर थांबायचे. क्लोरिन उडून गेल्याची चाचणी झाल्याशिवाय बियाणे सोडायचे नाही.

तुमच्या जागेबाबत एक गोष्ट खास. बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी नेणारी वाहिनी जंबुसर तालुक्यातच, सरोदजवळ आखाताला मिळते. तुमची खाडी त्या बाजूची असेल तर एका नमुन्यावर भरवसा ठेवू नका. उधाणाच्या मोठ्या भरतीचा एक, भांगाच्या लहान भरतीचा एक आणि पावसाळ्यातला एक असे तीन नमुने अमोनिया, सीओडी आणि जड धातूंसाठी प्रयोगशाळेत द्या. तिन्ही चांगले आले तरच पुढचा खर्च.

रोगांमध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू सगळ्यांना माहीत असतो. बियाण्याचा पीसीआर अहवाल पाहून घ्या आणि तलावाभोवती खेकड्यांसाठी कुंपण, वर पक्ष्यांसाठी दोऱ्या बांधा, म्हणजे तो बराचसा बाहेर राहतो. ईएचपी हा परजीवी जास्त चिवट आहे. त्यात कोळंबी मरत नाही, नुसती वाढत नाही. मालकाला वाटते खाद्य खराब आहे. त्याचे बीजाणू तळच्या मातीत राहतात आणि ब्लीचिंगला दाद देत नाहीत. तळ भेगा पडेपर्यंत वाळवून, हेक्टरी ६ टन कळीचा चुना नांगरून, ओलवून मातीचा सामू १२ पर्यंत चढवावा लागतो. तुमच्या एका तलावाला २,४०० किलो चुना झाला. हा खर्च भाऊंच्या हिशेबात आहे का, विचारा. आणि प्रतिजैविके कुणी सुचवली तर त्या माणसाला फाटकाबाहेरच ठेवा. क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरानचा अंश सापडला की परदेशातून अख्खी खेप परत येते.

कायद्याचे थोडक्यात. २००५ च्या कायद्याने भरतीरेषेपासून २ किलोमीटरच्या आतील प्रत्येक खाऱ्या पाण्याच्या तलावाला कोस्टल ॲक्वाकल्चर अथॉरिटीची नोंदणी लागते. खंभातचे आखात किनारा नियमन अधिसूचनेत अतिसंवेदनशील क्षेत्रात मोडते, म्हणून जमीन कोणत्या पट्ट्यात येते ते नकाशावर पाहून घ्या. नंतर बांध फोडावा लागला तर फार महाग पडते. बाजाराचेही भान असू द्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा आयातकर ५० टक्क्यांवर नेला तेव्हा कोळंबीवाल्यांची झोप उडाली. एकाच गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा असाच हलतो.

आता मीठ. समुद्राचे पाणी साधारण ३ ते ३.५ बोमे अंशांचे (हे खारेपणाचे माप) असते. ते उथळ वाफ्यांतून पुढे पुढे सरकवत आटवतात. १६ अंशांच्या आसपास जिप्सम खाली बसू लागते, २५ ला मीठ. २९-३० ला उरलेले पाणी काढून टाकायचे, कारण पुढे मॅग्नेशियमचे क्षार येतात आणि मीठ कडवट, पाणी सोडणारे होते. ज्या मिठागरांवर हायड्रोमीटर न लावता नजरेच्या अंदाजाने काम चालते, तिथे माल इथेच बिघडतो. उरलेल्या त्या पाण्यातून ब्रोमीन आणि मॅग्नेशियम क्लोराईड निघते, पण तो पाच एकरांचा खेळ नव्हे. एक टन मिठाला चाळीस-पन्नास घनमीटर पाणी आटवावे लागते, भाव पडेल असतो आणि मार्च-एप्रिलमधला एक अवकाळी पाऊस महिन्याचे काम विरघळवतो. पाच एकरांत मीठ पोट भरणार नाही. भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था (स्थापना १९५४) या विषयातली जाणती आहे. माती आणि पाणी दाखवायचे असेल तर तिथे विचारा.

आमचा सल्ला : पहिल्या वर्षी कोळंबीचा एकच तलाव आणि त्याच्या जोडीचा साठवण तलाव, फेब्रुवारी संपून पाणी उबदार झाल्यावर, नोंदणीसह. उरलेली जमीन तशीच असू द्या.

प्रश्न : अलंगहून जहाजावरचे सामान आणून विकायचा विचार आहे. हॉटेलच्या किचनचे स्टील, पंप, मोटारी स्वस्त मिळतात म्हणे.
*एक वाचक, रावपुरा*

अलंगला १९८३ पासून जहाजे मोडतात. उधाणाच्या भरतीला जहाज स्वतःच्या इंजिनावर किनाऱ्यावर चढवायचे आणि ओहोटीत कोरड्यावर कापायचे, एवढी सोय आखाताच्या मोठ्या भरतीनेच दिली आहे. स्टीलची टेबले, सिंक, भांड्यांचे रॅक बिनधास्त आणा. ते जाड पत्र्याचे असतात आणि कधी कधी ३१६ चेही निघतात. (पहिल्या उत्तरातली थेंबांची बाटली इथेही चालते.)

विजेच्या वस्तूंवर मात्र पाटी वाचल्याशिवाय हात ठेवू नका. जहाजावरची वीज बहुतेक ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते, आपली ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. अशी मोटार थेट जोडली तर ती फिरते आणि म्हणूनच माणूस फसतो. वेग सहात एक भागाने कमी होतो. पंप असेल तर पाणी ८३ टक्के आणि उंची जेमतेम ६९ टक्के मिळते. ३० मीटरवर पाणी चढवणारा पंप २१ मीटरपर्यंतच चढवतो आणि चौथ्या मजल्यावरचे गिऱ्हाईक तुमच्या नावाने शंख करते. वर व्होल्ट आणि हर्ट्झ यांचे गुणोत्तर ७.३ वरून ८.३ वर गेल्याने लोखंडी गाभा संपृक्त होतो, रिकामी चालतानाही मोटार तापते आणि काही महिन्यांत वाइंडिंग जळते. उपाय आहे. व्हीएफडी (मोटारीला जाणाऱ्या विजेचे हर्ट्झ बदलणारे उपकरण) लावा आणि त्यात मोटारीच्या पाटीवरचेच आकडे, ४४० आणि ६०, भरा. मग वेग परत मिळतो, पूर्ण वेगाला ताकद किंचित कमी पडते इतकेच. व्हीएफडीची किंमत धरून सौदा परवडतो का पाहा. पाच अश्वशक्तीच्या खाली बहुधा परवडत नाही. हीटरवर चालणाऱ्या भट्ट्या आणि ओव्हन चालतात, आच ११ टक्क्यांनी मंद मिळते. मायक्रोवेव्ह आणि डीप फ्रीझर घेऊ नका.

जुन्या जहाजांच्या केबिनचे पार्टिशन आणि पाइपांवरचे वेष्टन यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. फर्निचरच्या मागे राखाडी, तंतुमय फळी चिकटलेली असेल तर ती वस्तू सोडून द्या, घरी आणून कापू नका. जुनी लाइफ जॅकेटे बोटिंगवाल्यांना विकायचा मोहही टाळा. खरेदी जीएसटी बिलावर करा आणि माल पन्नास हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल काढूनच गाडी हलवा.

जहाज मोडण्याबाबतचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झाला आहे. यार्डांत फरसबंदी, घातक मालाची यादी, कामगारांचे प्रशिक्षण वाढते आहे. बडोद्याच्या सेफ्टी साहित्याच्या दुकानदारांनी मोटारींपेक्षा तिकडे पाहावे.

प्रश्न : हजीरा-घोघा फेरीबोटीने बडोद्याहून भावनगरचा माल पाठवला तर डिझेल वाचेल का?
*एक वाहतूकदार, छाणी*

नाही. २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या या फेरीने ३७० किलोमीटरचा रस्ता ९० किलोमीटरच्या जलमार्गावर आणला, पण तो सुरतकरांसाठी. तुम्हाला हजीऱ्यापर्यंत उलटे दक्षिणेला जावे लागेल. तारापूरवरून सरळ जा. तुमच्या कामाची होती ती २०१७ ची घोघा-दहेज फेरी. ती दहेजच्या धक्क्यापाशी गाळ साचून पाण्याची खोली पुरेना म्हणून बंद पडली. आखातातल्या कुठल्याही नव्या जेटीची बातमी वाचली की गाळ उपसण्याचा खर्च कोण करणार आहे, हे आधी शोधावे.

प्रश्न : आमच्या बचत गटाचे मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी बडोद्यात चांगली खपते. लंडनला नातेवाइकांमार्फत मागणी आली आहे. बंदरातून पाठवायचे तर काय काय लागते?
*बचत गटाच्या एक सदस्या, दांडिया बाजार*

पहिल्या खेपेला बंदर विसरा, ताई. ४०-५० किलो माल टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रातून किंवा कुरियरने पाठवा आणि लोक पुन्हा मागतात का ते पाहा. कागद मात्र पहिल्या खेपेपासून लागतात. आयात-निर्यात कोड (शुल्क ५०० रुपये, दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये तपशील ताजे करायचे, नाहीतर कोड बंद पडतो), निर्यातीसाठीचा केंद्रीय एफएसएसएआय परवाना, आणि जीएसटी न भरता माल पाठवायचा तर एलयूटी हे हमीपत्र. समुद्रमार्गे जाल तेव्हा बँकेचा एडी कोड कस्टममध्ये नोंदवावा लागतो. तो आधी नोंदवलेला नसेल तर माल बंदरात पोचूनही शिपिंग बिल निघत नाही आणि रोजचे भाडे चढत राहते.

लेबलावर सगळ्यात जास्त माल अडतो. ब्रिटनमध्ये १४ ॲलर्जीकारक घटक ठळक अक्षरांत छापावे लागतात आणि त्यांत गहू तर आहेच, मोहरीसुद्धा आहे. मेतकुटात दोन्ही असतात. हिंगाचे काय? बाजारातल्या बांधणी हिंगात बहुधा मैदा असतो. त्यामुळे नुसते तांदूळ-डाळींचे मेतकूट केले तरी "गव्हाविना" असे छापता येणार नाही. हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा, तेच लेबलावर उतरले पाहिजेत. मसाल्यांचा अफ्लाटॉक्सिन आणि कीटकनाशक अंशांचा अहवाल घ्या. मिरची आणि हळद हे दोन घटक तिथे बारकाईने पाहिले जातात.

भाजणीला समुद्र मानवत नाही. दुपारी तापलेला कंटेनर रात्री थंड झाला की छताला आतून घाम येतो आणि तो खोक्यांवर ठिबकतो. भाजलेले धान्य पूर्ण गार झाल्यावरच दळा, दळल्यावर पसरून पुन्हा गार करा आणि मगच भरा. कोमट पीठ पाकिटात गेले तर दीड महिन्याने वास येणारच. पाकीट तीन थरांचे हवे, पॉलिएस्टर, ॲल्युमिनियम फॉइल आणि आत पॉलिथिन. साधी पारदर्शक पिशवी इथे सूरसागरापर्यंतच ठीक.

मोठी ऑर्डर आली की एलसीएल, म्हणजे कंटेनरमधली भाड्याची जागा घ्यायची. भाडे घनमीटरवर किंवा टनावर, जे जास्त भरेल त्यावर. ४० × ३० × ३० सेंटिमीटरचे खोके ०.०३६ घनमीटर, म्हणजे घनमीटरला २७ खोकी. खोक्यात १२ किलो बसले तर सव्वातीनशे किलोंचा माल. खाली लाकडी पॅलेट वापरणार असाल तर त्यावर ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवल्याचा शिक्का हवा, प्लॅस्टिकचे पॅलेट घेतले तर ही कटकट नाही. लंडनच्या बाजूचे बंदर-शुल्क कोण भरणार, हे नातेवाइकांशीसुद्धा लिहून ठरवा. त्या एका आकड्यावरून पुढे बोलाचाली होतात.

प्रश्न : मुलाने केमिकल डिप्लोमा केला. दहेजला ठेकेदारामार्फत नोकरी मिळते आहे. पाठवू का?
*एक आई, कारेलीबाग*

आधी एक वर्षाच्या ॲप्रेंटिसशिपसाठी कंपन्यांकडे थेट अर्ज करू द्या. कारखान्याच्या आत शिकलेले वर्ष पुढे उपयोगी पडते. दहेजला माणसांची गरज खरी आहे. पेट्रोनेटचे एलएनजी टर्मिनल २००४ मध्ये वर्षाला ५० लाख टनांवर सुरू झाले, ते पुढे वाढत १७५ लाख टनांवर गेले, आणि भोवती रसायन उद्योगांचे ४५३ चौरस किलोमीटरचे क्षेत्र आखलेले आहे. ठेकेदाराकडेच जायचे ठरले तर पहिल्या पगारानंतर पीएफच्या खात्यात दोन्ही बाजूंचे पैसे जमा झाले का, ते मोबाइलवर पाहायला सांगा. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचा क्रमांकही मिळालाच पाहिजे. आणि बंद टाकीत उतरायला कुणी सांगितले तर वायुचाचणीचा आकडा लिहिलेला परवाना हातात आल्याशिवाय उतरणार नाही, असे सांगायचे. हे घरातून निघतानाच सांगून ठेवा, तिथे नव्या पोराला नाही म्हणायचा धीर होत नाही.

प्रश्न : निवृत्तीचे पैसे आले आहेत. धोलेऱ्यात हप्त्याने प्लॉट घ्यावा का? एजंट म्हणतो सेमीकंडक्टरचा कारखाना आला की पाचपट.
*एक वाचक, मांजलपूर*

कारखाना खरा आहे. टाटांच्या ९१,००० कोटींच्या प्रकल्पाची पायाभरणी १३ मार्च २०२४ ला झाली. पण धोलेरा विशेष गुंतवणूक क्षेत्र ९२० चौरस किलोमीटरचे आहे. तुमचा प्लॉट त्यात कुठे आहे, यावर सगळे अवलंबून. "धोलेऱ्यात" आणि "धोलेऱ्याजवळ" यांत तीस किलोमीटरचाही फरक निघतो.

एजंटकडे चार गोष्टी मागा. सातबारा (तो सरकारी एनीआरओआर संकेतस्थळावर स्वतः काढून ताडून पाहा), बिनशेतीचा हुकूम, टीपी स्कीममधला (नगररचना योजनेतला) अंतिम प्लॉट क्रमांक आणि गुजरात रेराचा क्रमांक. तिसऱ्यावर अडून बसा. टीपी स्कीममध्ये रस्ते आणि मोकळ्या जागांसाठी मूळ जमिनीचा निम्म्यापर्यंत भाग कापला जातो, आणि उरलेली जमीन दुसऱ्याच ठिकाणी मिळू शकते. दस्तात नुसता जुना सर्व्हे नंबर असेल तर तुम्ही २०० वारांचे पैसे देऊन किती आणि कुठले वार घेताय, हे विकणारालाही सांगता येणार नाही. जमीन सखल आणि खारी आहे. बांधायचे झाले तर भराव आणि खारात टिकणारे काँक्रीट हे वेगळे खर्च. निवृत्तीचे पैसे असतील तर आमचे उत्तर नको असेच आहे. हप्ते चालू असताना अडचण आली तर असा प्लॉट घाईने विकत घ्यायला गिऱ्हाईक मिळत नाही.

प्रश्न : कावी-कंबोईला भरतीत पाण्याखाली जाणाऱ्या स्तंभेश्वराच्या दर्शनाच्या एक दिवसाच्या सहली काढतो. भरतीची वेळ चुकते आणि लोक रुसतात. तिथीवरून काढता येते का?
*एक टूरवाले, वाघोडिया रोड*

कोकणातला हिशेब तुम्ही ऐकला असेल, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. मुंबईपर्यंत तो बऱ्यापैकी जुळतो. आखातात जुळत नाही, कारण भरतीची लाट तोंडातून आत सरकत कंबोईपर्यंत यायला काही तास घेते. मंदिराच्या फलकावरची किंवा भावनगर बंदराच्या तक्त्यातली वेळ धरा आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला साधारण ५० मिनिटे पुढे ढकला. पिंडी बुडताना पाहायची तर पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासचे दोन-तीन दिवस निवडा, तेव्हा पाणी सगळ्यात उंच चढते. अष्टमीच्या सुमारास नेलेले लोक रुसणारच. पोचायची वेळ पूर्ण भरतीच्या दोन तास आधीची ठेवा, म्हणजे आधी दर्शन होईल आणि मग काठावरून पाणी चढताना दिसेल. मुलांना गाळावर उतरू देऊ नका. वरून वाळलेला दिसतो, पाय मात्र गुडघ्यापर्यंत जातो.